तुझ्या हातचा लाडू

काल तुझं तेरावं झालं, वहिनी. तिसऱ्या मजल्यावरच्या खंडागळेकाकू पोटभर जेवल्या. बुंदी दोनदा मागून घेतली, हात धुऊन पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, "लई सोसलं गं शालननं. सोन्यासारखी बाई." याच काकूंनी मागच्या संक्रांतीपासून आपल्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. जिन्यात समोरासमोर आलात तर त्या भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या, आणि तू वेड्यासारखी त्यांना "या की घरात" म्हणायचीस. काल तू घरात नव्हतीस, तेव्हा त्या आल्या. मी वाढायचं भांडं धरून उभी होते आणि मला सगळ्याचीच शिसारी आली. पंगतीची, तुपाच्या वासाची, तुझ्या फोटोला घातलेल्या प्लॅस्टिकच्या हाराची. फोटो लग्नातला आहे. त्यात तुझ्या पापण्या स्वच्छ आहेत, म्हणून दादानं तोच निवडला.

दहाव्याला खाडीकाठी कावळा पिंडाला लगेच शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं. बाईची काही इच्छा राहिली नव्हती असं ठरलं, आणि माणसं घड्याळं बघायला लागली. मला वाटत होतं, त्या कावळ्यानं सगळ्यांना दुपारपर्यंत उन्हात ताटकळत ठेवावं. पण आपल्या खाडीवरचे कावळे मार्केटच्या टाकाऊ मालावर पोसलेले. कुणाची इच्छा राहिली आणि कुणाची नाही, याचं त्यांना काय पडलंय.

दादा म्हणाला, "मंगल, तू शिकलेली. चार ओळी लिही, सोसायटीच्या बोर्डावर लावू." मी कागद घेऊन बसले. मनमिळाऊ, कष्टाळू, सोशिक. एवढे तीन शब्द लिहून झाले आणि तिसऱ्याला पेन फेकून द्यावंसं वाटलं. ज्यांनी तुला सोसायला लावलं त्यांनीच तो बोर्ड वाचायचा आणि हळहळायचं. म्हणून बोर्डाचं राहून गेलं आणि हे तुलाच लिहितेय. एका तिळाच्या लाडवावरून मी तुझ्याशी खोटं बोलले, तुझ्या शेवटच्या आठवड्यात, तुझ्या तोंडावर. ते मला परत घ्यायचं आहे. बाकी मी चिडून जे काही लिहीन, त्याच्यामागे ही एकच गोष्ट आहे.

मला नोकरी लागली तो दिवस आठव. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातली लॅब. ऑपरेशनात काढलेले मांसाचे तुकडे आमच्याकडे येतात. ते कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला द्यायचे, हे माझं काम. घरी येऊन मी हौसेनं सगळं सांगितलं. आई तेव्हा होती. तिनं मला दारातच थांबवलं. "मढ्याचं मांस कापून आलीस, आधी डोक्यावरनं पानी घे." आंघोळ करून आले तर माझं ताट बाजूला मांडलेलं. बोटांवरचा गुलाबी रंग साबणानं गेला नव्हता. तो अजूनही जात नाही. दादा मान खाली घालून जेवत राहिला.

तू भाकऱ्या थापत होतीस. हात धुतलेस, माझ्यासमोर येऊन बसलीस आणि तोंड उघडलंस. "वन्सं, एक घास भरवा मला." मला कळेना काय करावं. "भरवा की! मला काय हुतंय ते बगू दे समद्यास्नी." मी पिठलं-भाकरीचा घास तुझ्या तोंडात घातला. तू तो सावकाश चावलास, गिळलास, वर पाणी प्यायलीस आणि आईकडे वळून म्हणालीस, "आत्याबाई, अजून जिती हाय मी." दादाला ठसका लागला. आईसुद्धा हसली असावी, कारण ती उठून आत गेली. माझ्या बोटांचा विषय घरात परत निघाला नाही. तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तरी मी तुझी नणंद, म्हणून मला वन्सं आणि तुमी म्हणायचीस, आणि मी तुला खुशाल अगंतुगं करायचे.

दोन पावसाळ्यांपूर्वी तुझ्या बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले. तू मार्केटात कांदा निवडायला जायचीस, त्यामुळे सगळ्यांनी कांद्यावर आळ घेतला. सेक्टरातल्या डॉक्टरांनी एक मलम दिलं, मग दुसरं दिलं, मग कांदा सोडा म्हणाले. "कांद्यानं उठायचं आसतं तर पयल्याच वर्सी उठलं आसतं," तू म्हणालीस. मी तुला झापलं, डॉक्टरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणून. कळत नव्हतं. तुला कळत होतं. पण अंगाला कांद्याचा वास येणाऱ्या बाईचं कोण ऐकतो?

दिवाळीच्या आसपास तुझ्या दोन्ही पापण्या सुजल्या आणि जांभळ्या पडल्या. मग मात्र कांद्याची सुटका झाली आणि आळ दादावर आला. बायकोचे डोळे काळेनिळे, नवरा माथाडी, दणकट. आणखी कुणाला काय पुरावा हवा होता? गोष्ट मार्केटात गेली. दादाच्या टोळीत एकट्यानं पोतं उचलायची रीतच नाही. दोघं जण दोन बाजूंनी धरतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. मुकादमानं सांगितलं, बायकोला हाणणाऱ्याच्या पाठीवर कुणी पोतं द्यायचं नाही. दादा दोन दिवस गाळ्यासमोर नुसता पाठ वाकवून उभा. कुणी भांडलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या तोंडून कळलं तेव्हा तो घरी येऊन तुझ्यासमोर बसला आणि रडायला लागला. "शाले, मी कदी हात लावला का गं तुला?" मी आत आहे हे विसरून तू म्हणालीस, "आवं, न्हाई लावत हीच तर माजी तक्रार हाय."

तू लगेच साडी बदललीस आणि मुकादमाला भेटायला निघालीस. मी तुझ्याबरोबर आले. बस आली. तू एक पाय पायरीवर ठेवलास आणि तिथेच राहिलीस. दोन्ही हातांनी दांडा धरलेला, दुसरा पाय काही वर येईना. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, चला ना लवकर, टाइम खोटी करू नका." मी मागून ढकललं तेव्हा चढलीस. मला वाटलं, दमली असेल. मार्केटात गेल्यावर ट्यूबखाली उभी राहिलीस आणि मुकादमाला म्हणालीस, "दाबून बगा मुकादम. मार आसंल तर दुखंल. मला न्हाई दुखत." तो म्हातारा हात जोडून उभा राहिला. सगळ्या टोळीनं दादाची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर पहिलं पोतं मुकादमानं स्वतः दिलं. या सगळ्या प्रकरणात चूक करून ती कबूल करणारी माणसं मला तेवढीच भेटली. त्यांच्यातला एकही चौथीच्या पुढे शिकलेला नाही.

बसच्या पायरीनंतर मी लक्ष ठेवायला लागले. तू खाली बसलीस की जमिनीला हात लावून, मग कट्टा धरून उठायचीस. केस विंचरताना फणी कानापर्यंत जायची आणि तिथून खाली यायची. एकदा तू डोकंच गुडघ्यांवर टेकवून विंचरत होतीस. मी तुला आमच्या हॉस्पिटलात नेलं. रक्ताची तपासणी झाली, आणि मग दंडातून स्नायूचा तुकडा काढायचं ठरलं.

तो तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. तुकड्यांना नावं नसतात, नंबर असतात. मी नंबर ओळखला आणि ट्रे स्वतःकडे घेतला. गोठवला, कापला, रंगवला. हात जराही कापला नाही, याची मला नंतर लाज वाटली. स्नायूचे तंतू काचेवर जुड्या बांधल्यासारखे दिसतात. तुझ्या जुड्या कडेकडेनं सुकल्या होत्या, उन्हात राहिलेल्या मेथीसारख्या, आणि भोवती निळ्या ठिपक्यांची गर्दी होती. ते ठिपके म्हणजे रक्तातले राखणदार. बाहेरून जंतू आले की त्यांच्यावर तुटून पडायचं हे त्यांचं काम. तुझ्या अंगात ते तुझ्याच स्नायूंवर आणि कातडीवर तुटून पडले होते. का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. जगभर शोध चाललाय म्हणाले. एक गोष्ट मात्र त्यांनी मला दहा वेळा सांगितली. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. स्पर्शानं नाही, उष्ट्यानं नाही. तुला मी समजावून सांगितलं तेव्हा म्हणालीस, "म्हंजे राखणदारानंच घर लुटलं म्हना की." मग म्हणालीस, "लागत न्हाई ना कुनाला? मग काय टेन्शन न्हाई."

मी आमच्या जिन्यातल्या चौदा घरांत जाऊन सांगितलं, लागत नाही. मी टेक्निशियन आहे, मी डोळ्यांनी काच बघितली आहे. "हो का? बरं झालं बाई सांगितलंस," सगळ्या म्हणाल्या. दार लावल्यावर आतून एकच शब्द ऐकू यायचा, महारोग. त्यांना तो एक शब्द येत होता आणि तो त्यांना सोडवत नव्हता.

तरी तू संक्रांतीचं हळदीकुंकू केलंसच. दरवर्षी करतेस म्हणून. नऊ जणी आल्या. खाली बसलीस तर उठता येणार नाही, म्हणून तू खुर्चीवर, करंडा मांडीवर. हात खांद्याच्या वर जात नव्हता. येणारीनं जरा वाकायचं होतं, बास. पहिल्या खंडागळेकाकू. त्या वाकल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे गं, हात दुखत आसंल तुजा. आमचं आमी लावून घेतो." करंड्याच्या कडेचं चिमूटभर घेऊन त्यांनी स्वतःच लावलं. मग बाकीच्यांना वाट मिळाली. पोस्टात ओळीनं येऊन तिकिटाला खळ लावावी तशा त्या कुंकू लावून बाजूला झाल्या. तुझा हात प्रत्येकीच्या वेळी अर्धा उठायचा आणि परत मांडीवर यायचा. लाडू मात्र सगळ्यांनी घेतले. "घरी जाऊन खाते हं."

सगळ्या गेल्यावर मी कचरा टाकायला खाली उतरले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जो पत्र्याचा डबा असतो, त्यात तुझे लाडू होते. सात. एकीनं तर थेट जमिनीवरच टाकला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. नववीनं बहुतेक लांब नेऊन टाकला. मी त्यावर वर्तमानपत्र अंथरलं, तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. वर आले तर तू विचारलंस, "खाल्लं का गं समद्यांनी?" पहिल्यांदाच मला गं म्हणालीस, इतकी खुशीत होतीस. मी म्हटलं, आवडले सगळ्यांना. तू म्हणालीस, "मग अजून धा-बारा वळायला पायजे हुते."

आता माझा लाडू.

तो तू मला दुपारीच दिला होतास, वळता वळता, गरम. मी ओट्याशी उभी होते. गुळाचा पाक पोळत होता म्हणून तू तळव्याला पाणी लावून भराभर वळत होतीस, आणि तुझ्या सांध्यांवरची कातडी सोलून निघत होती. तीळ पांढरे आणि तो कोंडाही पांढरा. लाडू मी ओठांपर्यंत नेला. मला माहीत होतं लागत नाही. माझ्याइतकं त्या अख्ख्या सेक्टरात कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी तो तोंडापासून लांब केला आणि म्हणाले, "डब्यातून नेते उद्या, दुपारी खाईन." त्या नऊ जणी नंतर जे म्हणाल्या तेच मी आधी म्हणून ठेवलं होतं. लाडू रुमालात गुंडाळला, गुलाबी डाग पडलेल्या माझ्या कामाच्या रुमालात, आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात बाहेर काढला, बघितला, परत ठेवला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पिशवीत हात घालणंच टाळलं.

माझी पिशवी रोज तूच रिकामी करायचीस. पाचव्या दिवशी तो रुमाल माझ्या कपड्यांच्या चळतीवर होता. धुतलेला, घडी घातलेला. गुलाबी डाग तेवढा राहिला होता. लाडू नव्हता. त्यानंतर तू मला स्वतःच्या हातानं कधी काही दिलं नाहीस. "वन्सं, तुमच्या हातानं घ्या," म्हणायचीस, आणि ताट माझ्याकडे सरकवायचीस. दादाला मात्र वाढत होतीस. दादानं विचारलं तर मी म्हणाले, तिचे हात दुखतात. खंडागळेकाकूंना निदान अडाणी म्हणता येतं. मला काय म्हणायचं, हे वर्षभर शोधतेय, आणि जो शब्द सापडतो तो लिहायला हात धजत नाही.

या रागातच मी हॉस्पिटलातल्या तुझ्या फोटोंवरून तुझ्याशी इतकी भांडले, हे आता कळतं. तुझ्यावर उपचार करणारे मोठे सर डॉक्टरांच्या परिषदेत तुझ्या रोगावर बोलणार होते. त्यांना तुझे फोटो हवे होते. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी छापतात, पण तुझा रोगच पापण्यांवर. पट्टी लावली तर दाखवणार काय? म्हणून तुझा अख्खा चेहरा पडद्यावर आला, भिंतीएवढा. मी काचा पोहोचवायला गेले होते, मागे उभी होते. पहिल्या रांगेतला एक डॉक्टर समोसा खात होता. सर छडीनं तुझ्या पापणीवर गोल काढत म्हणाले, "ब्युटिफुल! क्लासिकल!" त्याआधी दोन आठवडे त्यांनी चाळीस विद्यार्थ्यांसमोर तुला जमिनीवर बसवून उठायला लावलं होतं. एकदा नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा. मागच्यांना दिसलं नाही म्हणून परत एकदा. तू पदर सावरत, स्वतःच्या मांड्यांवर हात रोवत उठत होतीस, आणि पोरं वह्यांत लिहून घेत होती.

मी घरी येऊन तणतणले. सरांना सांगून फोटो परत मागते म्हणाले. तू शांतपणे तांदूळ निवडत बसली होतीस. "जल्मात पयल्यांदा कुनीतरी ब्युटिफुल म्हनलं, आन् तुमी भांडून येताय व्हय?" मी आणखीच भडकले. मग तू गंभीर झालीस. "आवं, बगू दे की. मला कळायला सा महिनं गेलं. फुडच्या बाईला कांदा सोड म्हनून कुनी सांगू नये." मी म्हणाले, तुझं प्रदर्शन मांडलंय त्यांनी, तुला लाज कशी वाटत नाही? तू म्हणालीस, "मला बगून ज्यांना शिसारी येत न्हाई आसं तितंच भेटलं कुनीतरी." तू कुणाबद्दल बोलत होतीस ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली कसली, मी मुद्दाम दडवली. पावसाळ्यात उरणकडची एक मासे विकणारी बाई आमच्या कातडीच्या ओपीडीत आली होती. पापण्या जांभळ्या. तिला एका पोरसवदा डॉक्टरणीनं पहिल्याच दिवशी ओळखलं, कारण तिनं तुझा तो भिंतीएवढा चेहरा बघितला होता. बाईचं गोळ्या-औषध वेळेवर सुरू झालं. ती बरी आहे, टोपली उचलते. तू म्हणालीस तसंच झालं आणि मला ते आवडलं नाही. आपलं भांडण मला हरायचं नव्हतं. म्हणून मी घरी येऊन तोंड मिटून बसले. तुला केवढा आनंद झाला असता. त्या समोसेवाल्याबद्दलचं माझं मत मात्र अजून तेच आहे.

गोळ्यांनी तुलाही गुण आला होता. त्याच गोळ्यांनी चेहरा सुजून वाटोळा झाला, गाल फुगले, आणि जिन्यातल्या बायका म्हणायला लागल्या, "अंग भरलं हो, सुटलीस." श्रावणातली ती सकाळ. तू मला आतून हाक मारलीस आणि आरशासमोर उभी राहून फणी कपाळापासून पार मागे नेलीस. एकदा, दोनदा, तीनदा. "बगा वन्सं! बगा!" केस फणीत येत होते, पातळ झाले होते, तरी तू विंचरतच होतीस. त्या सकाळी मी तुला मिठी मारली. अकरा महिन्यांत मी केलेली एवढीच एक बरी गोष्ट मला आठवते, आणि तू माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणालीस, "घामाची हाय वो मी." सरलीस मात्र नाही.

दिवाळीनंतर पाणी पिताना ते तुझ्या नाकातून यायला लागलं. गिळायचेही स्नायूच असतात, आणि राखणदार तिथेही पोहोचले होते. गोळ्या वाढवल्या, इंजेक्शनं झाली. घास चुकीच्या वाटेनं फुप्फुसात जायचा, ताप यायचा. डॉक्टर म्हणाले, बसवून, थोडं थोडं, घट्ट असेल तेच द्या. तुला भरती केलं तेव्हा मी रजा टाकली आणि तुझ्या कॉटेशी बसले. वॉर्डात शेजारच्या पेशंटची बाई तुझ्याकडे पाठ करून जेवायची. तिला मी काय बोलणार होते?

पुढच्या आठवड्यात संक्रांत आहे. घरात यंदा सण नाही. तरी मी तीळ आणि गूळ आणून ठेवलाय, दादाला सांगितलेलं नाही. लाडू मी वळीन, माझ्या या रंगलेल्या बोटांनी, आणि वळून झाल्यावर कुणाच्या दारात जायची नाही. एकच लाडू करीन कदाचित. तो घशाखाली उतरेल की नाही ते मला सांगता येत नाही. पण ते खोटं आधी परत घेते, म्हणजे लाडवाला हात लावायचा हक्क तरी येईल.

तुझ्या शेवटच्या आठवड्यातली, वॉर्डातली दुपार होती. मी दूध-भात मऊ कालवला होता. चमचा पुढे केला तर तू मान हलवलीस. "दातावर आपटतंय. हातानं भरवा." तुझा आवाज नाकातून यायला लागला होता, अर्धं अर्धं कळायचं. मी बोटांनी घास घेतला. तू पहिला गिळलास, दम घेतलास, दुसरा गिळलास. प्रत्येक घासाला डोळे मिटून, सगळं बळ लावून.

"वन्सं, महिन्यावर आली संक्रांत. यंदा लाडू तुमी करा."

"करीन की."

"आन् सोता खावा. मागचा ऱ्हायला तुमचा."

तू रागावली नव्हतीस. टोमणाही नव्हता. तू दार उघडून दिलं होतंस, मी नुसतं आत यायचं होतं. आणि मी काय म्हणाले? "कुठला मागचा? मी खाल्ला होता की, वहिनी. हॉस्पिटलात, दुपारी. छान झाला होता."

नव्हता खाल्ला, वहिनी. तुझ्या हातची मला किळस आली होती.

तू माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या गुलाबी बोटांकडे बघितलंस, त्यांच्यात घास तसाच होता. "बरं," म्हणालीस, आणि तोंड उघडलंस.